बधिर पावलांनी वजन कमी करताना: मधुमेही मज्जातंतूविकार असलेल्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रात्री गोधडीचा नुसता स्पर्श पावलांना सहन होत नाही, आणि दिवसा मात्र पायातून निसटलेली चप्पल चार पावले पुढे गेल्यावर, तीही दुसऱ्या कोणी दाखवल्यावर, लक्षात येते. मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा झालेल्या माणसाच्या या दोन तक्रारी एकमेकींच्या अगदी विरुद्ध वाटल्या, तरी त्यांचे मूळ एकच असते. त्वचेत पसरलेले बारीक तंतू दुखावले की आग, टोचणी आणि मुंग्या सुरू होतात. स्पर्श, कंप आणि तोल यांची खबर मेंदूकडे नेणारे जाड तंतू निकामी होऊ लागले की पाऊल कापसावर पडल्यासारखे वाटते. अशा वेळी दवाखान्यातून बाहेर पडताना बहुतेकांना एक वाक्य ऐकू येते: 'वजन कमी करा, रोज चाला.' सल्ला बरोबर असतो, पण तो कोणत्या क्रमाने पाळायचा हे सहसा कोणी सांगत नाही, आणि या आजारात क्रम चुकला तर चांगल्या सल्ल्यातूनच पायाला जखम होते. म्हणून हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

आधी वजनाचा आणि मज्जातंतूंचा संबंध

कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातील सर्वांत लांब तंतू असून त्यांची लांबी सुमारे एक मीटर भरते. इतक्या लांब तंतूच्या टोकापर्यंत ऊर्जा आणि दुरुस्तीचे साहित्य पोहोचवणे हे पेशीसाठी मोठे काम असते, त्यामुळे पुरवठ्यात बिघाड झाला की पहिली झळ टोकाला बसते. त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की हातांच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात, यामागचे कारण हेच.

हा बिघाड केवळ साखरेमुळे होतो असे पूर्वी मानले जाई. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते बऱ्याच अंशी खरेही आहे. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये मज्जातंतूविकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. परंतु आपल्याकडे बहुसंख्य लोकांना असतो त्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात केवळ साखर उतरवल्याने मज्जातंतूंना होणारा फायदा त्यामानाने बराच थोडा असतो, असे नंतरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले. याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही, कारण डोळे आणि मूत्रपिंड यांचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. अर्थ एवढाच की साखरेच्या जोडीला पोटाभोवतीची चरबी, रक्तातील ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब आणि बैठी जीवनशैली हीसुद्धा मज्जातंतूंना पोखरत असतात. रक्तात मेदाम्लांचा भार वाढला की मज्जातंतूंतील ऊर्जाकेंद्रे मंदावतात, आणि त्या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्याही अरुंद होत जातात. वजन कमी करण्याचा आणि हालचाल वाढवण्याचा मुद्दा येथे लागू पडतो.

त्याने प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'लुक अहेड' या अभ्यासात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि जादा वजन असलेल्या ५,१४५ लोकांचा समावेश होता. आहार आणि व्यायामावर भर दिलेल्या गटाने पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन कमी केले, आणि पुढील वर्षांत या गटातील लोकांच्या मुंग्या, आग, दुखणे अशा तक्रारी दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी वाढल्या. प्रत्यक्ष तपासणीत मात्र दोन्ही गटांच्या पायांत फारसा फरक दिसला नाही. दुसरीकडे, अमेरिकेतील यूटा येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि मज्जातंतूविकार नुकताच सुरू झालेल्या ३२ लोकांना वर्षभर आहार-व्यायामाचे मार्गदर्शन करण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार त्यांच्या त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीत बारीक तंतूंची घनता वाढलेली आढळली आणि दुखणेही कमी झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात मज्जातंतूविकार अद्याप न झालेल्या ७८ मधुमेहींपैकी काहींनी आठवड्याला चार तास देखरेखीखाली भरभर चालण्याचा व्यायाम चार वर्षे केला. त्यांच्यापैकी सुमारे ६ टक्क्यांना संवेदनांचा विकार झाला, तर व्यायाम न केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. हे दोन्ही अभ्यास लहान आहेत हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते: जितक्या लवकर सुरुवात, तितका फायदा अधिक. पाऊल पूर्ण बधिर झाल्यानंतर वजन उतरवणाऱ्याने गेलेली संवेदना परत येईल या आशेवर सगळा भार टाकू नये. उरलेले तंतू वाचवणे, दुखणे सौम्य करणे, तोल सुधारणे आणि हृदय व मूत्रपिंड सांभाळणे हे त्याच्या हातात नक्कीच आहे.

'पण मी तर बारीकच आहे' असे म्हणणाऱ्या वाचकासाठी एक उदाहरण पुण्यातलेच देता येईल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरली. आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे आलेले असते, म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीयांसाठी पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. बीएमआयच्या बाबतीतही आपल्याकडे २३ पासूनच जादा वजन धरतात.

काहींनी मात्र वजन कमी करण्याच्या वाटेला स्वतःहून जाऊ नये. प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल, मांड्यांचे स्नायू गळून जिना चढणे अवघड झाले असेल, किंवा वय जास्त असून अंगावर मांसच उरले नसेल, तर आधी त्याचे कारण डॉक्टरांनी शोधायला हवे.

पहिली पायरी: चालण्याआधी पाय दाखवा

माझ्या वडिलांना डॉक्टरांनी चालायला सांगितले त्या आठवड्यात त्यांनी नवे बूट घेतले आणि पहिल्याच दिवशी तासभर फेरी मारून ते समाधानाने घरी आले. संध्याकाळी फरशी पुसताना आईला तांबडे ठसे दिसले. बुटात एक खडा होता, त्याने टाचेजवळ चांगलीच जखम केली होती, आणि वडील त्यावरून तासभर चालले होते. त्यानंतर त्यांची जी तपासणी झाली ती खरे तर बूट घेण्याआधी व्हायला हवी होती. मासेमारीच्या दोरीसारखा नायलॉनचा एक तंतू त्यांच्या अंगठ्याखाली तो वाकेपर्यंत टेकवला जात होता. डोळे मिटून, लागल्याबरोबर 'हो' म्हणायचे, इतकीच ती परीक्षा. तळव्यावर सहा जागी तंतू वाकला आणि वडील शांतपणे डोळे मिटून वाट पाहत राहिले. घोट्याच्या वर तंतू लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा 'हो' म्हटले, आणि 'आत्ता सुरू केलंत ना?' असे वर विचारले.

हा तंतू दहा ग्रॅम दाबाला वाकतो, म्हणून त्याला दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात. तो न जाणवणे म्हणजे पायाची राखण करणारी संवेदना गेली, असे समजावे. त्याच्या जोडीला १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने कंपाची संवेदना, पावलावरची नाडी, आणि झोपून व मग उभे राहिल्यावर रक्तदाब अशा तपासण्या करून घ्याव्यात. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंनाही इजा झाल्याची शक्यता असते आणि व्यायामाची आखणी त्यानुसार बदलते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही पायांची तपासणी निदान झाल्या दिवसापासून दर वर्षी व्हायला हवी. डॉक्टरांनी स्वतःहून केली नाही, तर मोजे काढून बसावे. तेवढ्याने आठवण होते.

दुसरी पायरी: गोळ्यांचा हिशेब

खाणे कमी आणि चालणे जास्त झाले की साखर उतरते, पण गोळी आणि इन्सुलिनचा डोस जुन्याच खाण्याला जुळवलेला असतो. इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गटातील गोळी चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटून डोस कसा कमी करायचा हे लिहून घ्यावे. स्वायत्त मज्जातंतू बिघडलेल्या काहींना साखर घसरताना घाम किंवा धडधड अशी पूर्वसूचनाच मिळत नाही, त्यामुळे त्यांनी तर याबाबत जराही सैल राहू नये.

दुसरा हिशेब घाईचा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, खूप वाढलेली असताना ती एकदम खाली आणली, तर मज्जातंतूंचे दुखणे कमी होण्याऐवजी काही आठवड्यांत तीव्रपणे उसळू शकते. तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून अधिक घसरण झाली (उदाहरणार्थ, आकडा अकरावरून नऊच्या खाली आला) तर हा धोका वाढतो, आणि घसरण जितकी मोठी तितका तो अधिक. मग ती इन्सुलिनमुळे झालेली असो, गोळ्यांमुळे असो की कडक आहारामुळे. ज्याची सरासरी अकरावर आहे त्याने ती तीन महिन्यांत सातवर आणण्याची पैज मारू नये. अशा वेगवान घसरणीत डोळ्यांचा पडदाही बिघडू शकतो, म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घ्यावेत.

तिसरा हिशेब दुखण्यावरच्या गोळ्यांचा. प्रीगाबालिनने अनेकांची रात्र सुसह्य होते, पण तिने वजन वाढू शकते आणि पायांवर सूजही येऊ शकते. अमिट्रिप्टिलिनच्या बाबतीतही वजनवाढीची तक्रार असते. गोळी मनाने बंद करू नये, पण 'मी वजन कमी करतो आहे, याला पर्याय आहे का' हा प्रश्न जरूर विचारावा, कारण ड्युलॉक्सेटिनसारखी वजन न वाढवणारी औषधेही उपलब्ध आहेत.

आणि बी-१२. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने या जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते, शाकाहारी माणसात ती आधीपासूनच असू शकते, आणि तिच्यामुळे होणारा मज्जातंतूविकार मधुमेहाच्या विकारासारखाच दिसतो. म्हणजे ज्या बधिरपणासाठी आपण वजन उतरवायला निघालो, त्याचा एक भाग साध्या इंजेक्शनने सुधारण्यासारखा असू शकतो. रक्ततपासणी करून घ्यावी. 'नसांची ताकद' म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांवर मात्र विसंबू नये. त्यांपैकी काहींत बी-६ जीवनसत्त्व असते आणि ते दीर्घकाळ फार मोठ्या मात्रेत घेतले तर तेच मज्जातंतूंना इजा करते.

तिसरी पायरी: ध्येय आणि वही

सुरुवातीचे ध्येय सहा महिन्यांत पाच ते सात टक्क्यांचे ठेवावे. ८० किलो वजनाच्या माणसासाठी हे चार ते साडेपाच किलो होतात. एका साध्या वहीत आठवड्यातून एकदा, त्याच वारी आणि सकाळी काही खाण्याआधी, वजन लिहावे. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर लिहावा. तिसरा रकाना दुखण्याचा असावा: काल रात्री पायांमुळे किती वेळा जाग आली, आणि शून्य ते दहामध्ये आग किती होती. हा रकाना टाळू नये, कारण दुखणे इतके हळूहळू बदलते की वही नसेल तर 'काहीच फरक नाही' असेच वाटत राहते.

चौथी पायरी: ताट

ताटाचा निम्मा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर यांचा, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भाताचा, एवढी मांडणी लक्षात ठेवली तरी बरेच काम होते. आपल्याकडे 'भाकरी चालते' ही समजूत इतकी पक्की आहे की साखर आहे म्हणून दोन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणारे लोक घरोघर आढळतात. ज्वारी आणि नाचणीत तंतुमय भाग जास्त असतो हे खरे, पण एका थापलेल्या भाकरीला सहज दोन फुलक्यांचे पीठ लागते. एकच भाकरी घ्यावी आणि तिच्याबरोबर मटकीची उसळ एकाऐवजी दीड वाटी घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र उसळी, डाळी आणि अंड्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वजनाच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित वस्तू तेल असते, कारण ते ताटात वेगळे दिसत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज जवळजवळ ३८ ग्रॅम तेल येते. तोच वापर तीन लिटरवर आणला तर वाटा २३ ग्रॅमच्या आसपास येतो, आणि प्रत्येकाच्या खाण्यातून दिवसाला सुमारे १३५ कॅलरी कमी होतात. यासाठी कोणाला उपाशी राहावे लागत नाही, की मधुमेही माणसासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. फोडणी बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून करावी, एवढाच बदल. चहाचेही तसेच: दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि सोबत खारी किंवा बिस्किटे, हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

उपवासाबद्दल दोन शब्द. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, दाण्याचे कूट आणि तूप. वजन कमी करण्यासाठी उपवास धरणाऱ्याचे वजन त्यामुळेच अडून राहते. वरी, राजगिरा, दही, काकडी यांवर दिवस काढता येतो. निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस किंवा 'दिवसातून दोनदाच जेवण' यांपैकी काहीही इन्सुलिन अथवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता करू नये.

पाचवी पायरी: हालचाल

संवेदना गेलेल्या माणसाने चालूच नये, बसून करायचे व्यायाम तेवढे करावेत, असे एके काळी सांगितले जाई. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मज्जातंतूविकार असलेल्या ७९ लोकांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा आणि स्नायू बळकट करण्याचा कार्यक्रम दिला गेला, आणि पायाला जखमा होण्याचे प्रमाण त्यांच्यात वाढले नाही. त्यांच्या पायांवर नियमित लक्ष होते, हा भाग मात्र विसरता येत नाही. तळव्यावर उघडी जखम, फोड किंवा काळपट पडलेले कुरूप असेल, तर चालण्याचा व्यायाम पूर्ण थांबवावा आणि खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करावेत.

पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी. माप डोळ्यांनी आणि हातांनी पाहावे. 'पायाला बरी वाटते' या साक्षीला बधिर पायाच्या बाबतीत किंमत नाही. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचे रबर) तळाची चप्पल किंवा सैल पुढ्याचा बूट, आणि आत पांढरे सुती मोजे. पांढरे अशासाठी की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. शिवण बोचत असेल तर मोजा उलटा घालावा. पायात घालण्याआधी प्रत्येक वेळी बूट झटकून आत हात फिरवावा. नवे बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच वापरावेत. स्त्रियांनी जोडवी घट्ट होत असतील तर ती सैल करून घ्यावीत किंवा काढून ठेवावीत, कारण सुजलेल्या बोटात रुतलेले जोडवे अनेकदा जखम चिघळल्यावरच लक्षात येते.

सकाळी दवात भिजलेल्या गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला तुम्हाला शेजारीपाजारी नक्की देतील. तो बधिर पायांसाठी नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालणेही नाही. तिथे जाड मोजे घालावेत किंवा सकाळी लवकर जावे. वारीला जाणाऱ्यांनी आळंदी ते पंढरपूर हे जवळजवळ अडीचशे किलोमीटरचे अंतर अनवाणी चालण्याचा संकल्प आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

सुरुवात दहा मिनिटांनी करावी, तीही जेवणानंतर, आणि दिवसातून तीनदा. एका सलग अर्ध्या तासापेक्षा हे पायाला सोपे जाते आणि जेवणानंतर चढणारी साखरही आवरते. दोन-तीन आठवडे पाय स्वच्छ राहिले तर प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटे वाढवावीत. रोज तिन्ही फेऱ्या जमत नसतील, तर आठवड्याला १५० मिनिटे हा टप्पा गाठायला दोन-तीन महिने लागले तरी चालेल. ज्यांचा तोल जातो किंवा तळव्यांवर फार दाब येतो, त्यांनी स्थिर सायकल किंवा पोहणे निवडावे. तलावाच्या कडेच्या खरखरीत फरशीवर मात्र चप्पल हवीच.

तोल आणि स्नायू यांसाठी वेगळा वेळ काढावा. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा वर उचलणे, मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहणे, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस केले तरी पुरेत. डोळे मिटून ते करण्याचे धाडस करू नये, कारण पायांकडून येणारी खबर तुटल्यावर तोल सांभाळण्यासाठी मेंदूकडे मुख्यतः डोळेच उरतात. रात्री न्हाणीघरात जाताना दिवा लावून जावे, तेही याच कारणाने.

स्वायत्त मज्जातंतू बिघडले असतील तर श्रमाच्या प्रमाणात नाडी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या ठोक्यांवर व्यायामाची तीव्रता ठरवू नये. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे पुरेसे आहे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. थरथर, घाम किंवा डोके हलके वाटले तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी.

घरी आल्यावर आरशात किंवा घरच्या कोणाकडून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात बुडवण्याची किंवा गरम पाण्याची पिशवी लावण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि तिच्यामुळे भाजल्याचे फोड घेऊन येणारे रुग्णही तितकेच नित्याचे आहेत. अंघोळीचे पाणी हाताच्या कोपराने पाहावे. कुरूप ब्लेडने तासू नये, त्यावर औषधी पट्टीही लावू नये. एक पाय अचानक सुजला, दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागला आणि तरीही फारसा दुखत नसेल, तर त्या पायावर भार देणे त्याच क्षणी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. संवेदना गेलेल्या पायातील हाडे मोडून रचना ढासळण्याची ती सुरुवात असू शकते, आणि मुरगळ समजून तिच्यावर लेप लावण्यात घालवलेले आठवडे भरून निघत नाहीत.

सहावी पायरी: तंबाखू, मशेरी आणि दारू

धूम्रपानाने मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकुंचन पावतात. मशेरी ही दात घासण्याची वस्तू समजली जात असली तरी ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि ती लावणाऱ्या स्त्रिया 'व्यसन आहे का' या प्रश्नाला बिनदिक्कत 'नाही' असे उत्तर देतात. म्हणून घरच्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. दारू तर स्वतःच मज्जातंतूंना विषारी आहे, शिवाय तिच्यात कॅलरी भरपूर आणि साखर अचानक घसरवण्याची खोडही.

सातवी पायरी: केव्हा काय अपेक्षित धरावे

वजनाचा काटा पहिल्या महिन्यातच हलतो. झोप आणि दुखणे यांतला फरक, पडायचाच असेल तर, साधारणपणे काही महिन्यांत जाणवू लागतो. अमेरिकेत १७ जणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या व्यायामानंतर दुखणे कमी झाल्याचे आणि त्वचेतील तंतूंना नव्या फांद्या फुटल्याचे दिसले होते. संवेदना परत येण्याची गोष्ट मात्र वर्षांची आहे. इजा झालेला मज्जातंतू अनुकूल स्थितीतही दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो, आणि मधुमेहात ही गती त्याहून मंद असते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने पुष्कळ वजन उतरलेल्या लोकांचा मिशिगनमध्ये दोन वर्षांनी अभ्यास केला गेला, तेव्हा मांडीच्या त्वचेतील तंतू वाढलेले आढळले, तर पायाच्या खालच्या भागातील तंतूंची स्थिती जैसे थे होती. वरून खाली, अशीच ही दुरुस्ती होत असावी.

वजन उतरत असताना आग अचानक वाढली तर घाबरून सगळे सोडून देऊ नये आणि 'नसा जिवंत होत आहेत' असे स्वतःला समजावून गप्पही बसू नये. साखर फार वेगाने उतरली का, बी-१२ किती आहे, आणि पायावर कुठे जखम आहे का, हे तिन्ही तपासावे.

माझ्या वडिलांचे वजन सव्वा वर्षात ७८ वरून ७२ किलोवर आले. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात रात्री जाग येण्याचा आकडा पाचवरून एकावर आला आणि तिथेच राहिला. पायांवर पंखा रोखून झोपण्याची त्यांची सवय गेली. पुढच्या वार्षिक तपासणीत त्यांनी पुन्हा डोळे मिटले. अंगठ्याखाली तंतू वाकला तरी ते काही बोलले नाहीत, दोन्ही टाचांवरही नाही; फक्त डाव्या पावलाच्या मधल्या खोलगट भागात त्यांनी एकदा 'हो' म्हटले, आणि तपासणाऱ्या बाईंनी ती जागा खात्रीसाठी आणखी दोनदा टेकवून पाहिली. घरी निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही चपला उलट्या करून झटकल्या.